सर हेन्री डेल : अल्प चरित्र

मृगाचा पाऊस सुरू झाला, की आपल्या मालवण किनाऱ्यावरील घरांच्या भिंती ओल धरू लागतात, आणि त्याच वेळी गावोगावच्या दमेकऱ्यांचे हाल सुरू होतात. ज्याने हा विकार जवळून पाहिला आहे, त्यास त्याचे वर्णन करून सांगणे नको. रोगी रात्रभर उशीला टेकून बसलेला असतो. खांदे वर ओढलेले, ओठ निळसर, छातीत घुरघुर, आणि आत घेतलेला श्वास बाहेर टाकता येत नाही म्हणून डोळ्यांत दाटलेली भीती. आमच्या लहानपणी अशा रोग्यास अडुळशाचा काढा देत, आणि कोणी जाणते म्हातारे धोत्र्याची वाळलेली पाने निखाऱ्यावर टाकून त्यांचा धूर हुंगावयास लावीत. धोत्रा हे विषच. त्याने कोणास थोडा उतार पडे, तर कोणास भ्रम होई. आज त्याच दमेकऱ्याच्या खिशात औषधाचा लहानसा पंप असतो आणि दोन झुरक्यांत त्याची छाती मोकळी होते.

हा पालट कोणा एकाच मनुष्याने घडवून आणला नाही. तथापि श्वासाची वाट का आवळते, ती कोणत्या द्रव्याने आवळते व कोणत्या द्रव्याने सैल होते, हे प्राण्यांवरील प्रयोगांनी ज्यांनी शोधून काढले, त्यांत सर हेन्री हॅलेट डेल यांचे नाव फार वरच्या पायरीवर घ्यावे लागते. त्यांच्या चरित्राची ओळख आमच्या विद्यार्थ्यांस व्हावी, एवढ्याच हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

डेल यांचा जन्म 9 जून 1875 रोजी लंडन शहरी झाला. घरची स्थिती मध्यम. वडील चार्ल्स जेम्स डेल हे मातीच्या भांड्यांच्या व्यापारात नोकरीस होते. सात भावंडांत हेन्री तिसरे. शाळा आटोपली, की मुलाने व्यापारात पडावे, असाच घरचा बेत होता, आणि तसे घडते तर शास्त्राच्या इतिहासात हे नाव आलेच नसते. परंतु घराणे मेथॉडिस्ट पंथाचे होते, व पंथाच्या एका परिषदेत वडिलांची गाठ केंब्रिज येथील लीझ स्कूलचे मुख्याध्यापक डॉ. मोल्टन यांच्याशी पडली. तेथे मुलाच्या बुद्धीविषयी बोलणे निघाले आणि त्यातून त्या शाळेची शिष्यवृत्ती मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. 1891 साली हेन्री त्या शाळेत दाखल झाले. एका मिशनरी वृत्तीच्या शाळेने व एका मुख्याध्यापकाने वेळेवर दाखविलेल्या आस्थेमुळे एका मुलाचे आयुष्य कसे वळण घेते, याचे हे उदाहरण आम्हां शिक्षकांनी तरी विसरू नये.

1894 साली ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेले. तेथे शरीरविज्ञानाचे मोठे आचार्य होते. त्यांपैकी जॉन लँगली हे, आपल्या इच्छेवाचून काम करणाऱ्या मज्जातंतूंचा अभ्यास करीत होते. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, घाम आणि श्वासनलिकांचे आकुंचन ही कामे आपण ठरवून करीत नाही; तरी त्यांवर मज्जातंतूंची सत्ता चालते. हे तंतू दोन तऱ्हांचे आहेत. एक तऱ्हा संकटाच्या वेळी शरीरास धावण्यालढण्यास सज्ज करते. दुसरी विश्रांतीच्या वेळी पचनादि कामे पाहते. व्हेगस नावाचा मस्तिष्कतंतू ह्या दुसऱ्या तऱ्हेचा होय. तोच फुप्फुसांकडे फाटे पाठवितो. श्वासनलिका छातीत शिरल्यावर झाडाच्या फांद्यांसारखी फाटत जाते, आणि बारीक फांद्यांच्या भिंतींत स्नायूंची वळी असतात. ही वळी आवळली, की वाट अरुंद होते. व्हेगस चेतविला असता ती आवळतात, आणि धोत्र्याच्या जातीच्या वनस्पतींत सापडणारे अॅट्रोपीन आधी दिले असता ती आवळत नाहीत, हे डिक्सन व ब्रॉडी या दोघांनी 1903 साली प्राण्यांवर प्रयोग करून दाखविले होते. म्हणजे आमच्या म्हाताऱ्यांच्या निखाऱ्यावरील धुरात काही तथ्य होते. मात्र ते तथ्य कोणते, व विष आणि औषध यांतील सीमा कोठे, हे सांगण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते.

डेल यांनी लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात वैद्यकाचे शिक्षण पुरे केले. नंतर स्टार्लिंग व बेलिस यांच्या प्रयोगशाळेत आणि काही महिने जर्मनीत पॉल एर्लिख यांच्यापाशी त्यांनी काम केले. लंडनमध्येच ऑटो लोवी नावाच्या तरुण जर्मन शास्त्रज्ञाशी त्यांची मैत्री जडली. ती पुढे जन्मभर टिकली. 1904 साली त्यांचे लग्न झाले, आणि त्याच वर्षी त्यांनी एक असा निश्चय केला, की जो त्यांच्या मित्रांस मुळीच रुचला नाही. हेन्री वेलकम या औषधव्यापाऱ्याने चालविलेल्या संशोधनशाळेत त्यांनी नोकरी धरली. व्यापाऱ्याच्या पदरी राहून निर्मळ शास्त्र होणार नाही, असे मित्रांचे म्हणणे. डेल यांनी ते ऐकून घेतले, पण काम करण्यास जागा व मोकळीक मिळत असता नावास भिऊन ती सोडावयाची नाही, असे ठरविले. दोनच वर्षांत ते त्या शाळेचे प्रमुख झाले.

वेलकम यांनी त्यांस अर्गटचा अभ्यास करावयास सुचविले. राय नावाच्या धान्यावर पडणारी ही बुरशी. देशावर बाजरीच्या कणसांवर जो अरगट रोग पडतो, तो हिचाच भाऊबंद होय. असे धान्य खाऊन युरोपात पूर्वी माणसे मरत. पण त्याच बुरशीचा अर्क बाळंतपणातील रक्तस्राव थांबविण्यास सुइणी वापरीत. डेल यांचे स्वतःचे मन ह्या विषयाकडे फारसे नव्हते. परंतु हातचे काम नेटाने करण्याची त्यांची सवय होती, आणि त्या सवयीस फळ आले.

एके दिवशी त्यांच्याकडे अॅड्रेनल ग्रंथींच्या अर्काचा नमुना तपासणीस आला. हा अर्क मांजराच्या शिरेत घातला, की रक्ताचा दाब चढला पाहिजे. ज्या मांजरावर आधी अर्गटचा प्रयोग झाला होता, त्याच्यावरच डेल यांनी तो घालून पाहिला. दाब चढण्याऐवजी उतरला. नमुना वाईट, असा शेरा मारून त्यांनी तो परत केला. आठवड्याने दुसरा नमुना आला, आणि पुन्हा तीच गोष्ट घडली. आता मात्र ते थांबले. नमुना वाईट नसून अर्गटनेच त्या प्राण्याचा प्रतिसाद पालटला आहे, हे त्यांच्या ध्यानी आले. अॅड्रेनॅलिनच्या अंगी जी आवळण्याची शक्ती होती, ती अर्गटने बंद पाडली होती आणि सैल करण्याची शक्ती तेवढी शिल्लक ठेवली होती. 1906 साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. एकच द्रव्य शरीरात दोन निरनिराळ्या कड्यांत अडकते, व त्यांतील एक कडी दुसऱ्या द्रव्याने झाकता येते, ही कल्पना तेथून रुजली. ह्या कड्यांस आज रिसेप्टर म्हणतात. लँगली यांनी अशी ग्रहण करणारी द्रव्ये पेशींत असावीत, असे 1905 मध्ये मांडले होते. डेल मात्र प्रत्यक्ष दिसल्यावाचून त्या शब्दावर भिस्त ठेवावयास पुष्कळ वर्षे कचरत राहिले. ज्याच्या प्रयोगांनी सिद्धांतास बळ आले, त्यानेच त्याविषयी सावध राहावे, ह्यात आम्हांस विसंगती न दिसता प्रामाणिकपणा दिसतो.

अर्गटच्याच अर्कातून पुढे दुसरे रत्न निघाले. रसायनज्ञ जॉर्ज बार्जर यांच्यासह त्यांना त्यात हिस्टामीन नावाचे द्रव्य सापडले, आणि 1910 पासून पॅट्रिक लेडलॉ यांच्या साहाय्याने त्यांनी त्याचे गुण तपासले. गिनीपिगच्या शिरेत त्याचा अगदी थोडा अंश गेला, की त्याच्या श्वासनलिकांचे स्नायू करकचून आवळत. प्राणी श्वास घेण्याची धडपड करी, पण फुप्फुसे फुगलेली ती फुगलेलीच राहत, आणि थोड्याच मिनिटांत तो गुदमरून मरे. मांजराच्या बाबतीत मात्र मुख्य परिणाम रक्ताचा दाब उतरण्याचा होई. एकच द्रव्य, परंतु प्राणी बदलला की परिणामाचे स्थान बदलते; म्हणून एका प्राण्यावरून सर्वांविषयी अनुमान काढू नये, हाही धडा त्यातून मिळाला. गिनीपिगचे ते मरण पाहून डेल यांना दुसऱ्या एका मरणाची आठवण झाली. ज्या प्राण्यास एखादे परके प्रथिन पूर्वी टोचलेले असते, त्यास तेच पुन्हा टोचले असता तो असाच गुदमरून मरतो. ह्याला अॅनाफिलॅक्सिस म्हणतात. दोहोंचे साम्य त्यांनी नोंदले. पुढे 1913 साली, पूर्वी घोड्याचा रक्तरस टोचलेल्या गिनीपिगच्या गर्भाशयाची पट्टी शरीराबाहेर काढून तीवर तोच रस घातला असता ती एकदम आवळते, हे त्यांनी दाखविले. म्हणजे विकाराचे मूळ केवळ रक्तात नसून पेशीतच आहे. अखेर 1927 साली त्यांच्या मंडळीने ताज्या यकृतातून व फुप्फुसातून हिस्टामीन वेगळे काढले. जे द्रव्य बुरशीत सापडले, ते प्राण्याच्या छातीतही साठविलेले होते. काहींच्या दम्यात धूळ किंवा पराग यांनी छाती का भरते, ह्याच्या उत्तराचा पहिला धागा येथे हाती आला.

येथे एक प्रश्न आमच्या वर्गात नेहमी विचारला जातो, आणि तो टाळणे आम्हांस योग्य वाटत नाही. मुक्या प्राण्यांस असे मारणे न्याय्य आहे काय? ज्या देवाने चिमणीचीही दखल घेतल्याचे आपण शुभवर्तमानात वाचतो, त्याच्या लेकरांनी हा प्रश्न विचारावा, हेच बरे. इंग्लंडात 1876 च्या कायद्याने अशा प्रयोगांस परवाना लागे, आणि आपल्याकडेही 1960 पासून प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणारा कायदा आहे. ह्या प्रश्नाचे सोपे उत्तर आमच्यापाशी नाही. इतके मात्र आम्ही सांगतो, की दम्याच्या पंपाने ज्या मुलास रात्री झोप लागते, त्याच्या झोपेत त्या गिनीपिगांचा वाटा आहे. कर्ज आहे हे जो मानतो, तो गरजेवाचून नवे कर्ज काढीत नाही. जेथे प्राण्यावाचून काम भागते, तेथे प्राणी वापरू नये, ही वृत्ती आज शास्त्रज्ञांतही वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

अर्गटच्या पोतडीत अजून एक द्रव्य होते. 1913 च्या सुमारास एका नमुन्याने मांजराचे हृदय इतके मंद केले, की डेल यांस प्रथम ते थांबलेच असे वाटले. त्यांचे सहकारी आर्थर युइन्स यांनी त्यातील द्रव्य वेगळे काढले. ते अॅसिटिलकोलीन ठरले. 1914 च्या आपल्या निबंधात डेल यांनी त्याचे दोन प्रकारचे गुण निरनिराळे करून मांडले. एक गुण विषारी अळंब्यांतील मस्करीनसारखा. तो हृदय मंद करतो, लाळ सोडवितो, श्वासनलिका आवळतो, आणि अॅट्रोपीनने नाहीसा होतो. दुसरा तंबाखूतील निकोटीनसारखा; त्यास अॅट्रोपीन अडवीत नाही. ही वाटणी शंभरांवर वर्षे लोटली तरी पाठ्यपुस्तकांत तशीच शिकविली जाते. हे द्रव्य शरीरात क्षणार्धात नाहीसे होते, तेव्हा त्यास मोडणारे काही रसायन रक्तात असले पाहिजे, असा तर्कही त्यांनी केला व तो पुढे खरा ठरला. परंतु हे द्रव्य प्राण्यांच्या शरीरात आपोआप असते, असा पुरावा त्या वेळी नव्हता. पुराव्यावाचून पुढचे पाऊल टाकावयाचे नाही, म्हणून ते तेथेच थांबले.

1914 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले, आणि त्याच वर्षी सरकारी वैद्यकीय संशोधन समितीच्या सेवेत गेले. महायुद्धाच्या काळात जखमी सैनिकांस येणाऱ्या धक्क्याचा त्यांनी अभ्यास केला. 1928 पासून 1942 पर्यंत ते लंडनच्या राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेचे संचालक होते. इकडे 1921 साली त्यांचे मित्र लोवी यांनी बेडकांच्या दोन हृदयांवर प्रयोग केला. एका हृदयाचा व्हेगस चेतवून त्यातील द्रव दुसऱ्या हृदयात घातला, तो दुसरेही मंद झाले. मज्जातंतू आपला निरोप रसायनाच्या द्वारे पोहोचवितो, हे सिद्ध झाले. ते रसायन कोणते? 1929 साली डेल व डडली यांना घोड्याच्या व बैलाच्या प्लीहेत अॅसिटिलकोलीन सापडले, आणि पंधरा वर्षे अडलेली वाट मोकळी झाली. व्हेगसचे टोक श्वासनलिकेच्या स्नायूपाशी जे सोडते, तेही हेच. 1933 मध्ये तंतूंस त्यांच्या रसायनावरून कोलिनर्जिक व अॅड्रिनर्जिक अशी नावे डेल यांनीच दिली. 1936 चे नोबेल पारितोषिक डेल व लोवी यांना मिळून देण्यात आले.

ह्या शोधांचे पडसाद महाराष्ट्रीय मनुष्याच्या हातूनही उमटले, हे आमच्या वाचकांस ऐकून आनंद होईल. डॉ. भालचंद्र बाबाजी दीक्षित यांनी एडिंबर्ग येथे मांजरांच्या मेंदूत अॅसिटिलकोलीन घालून त्याचे परिणाम तपासले. त्याने झोपेसारखी स्थिती उत्पन्न होते, असे त्यांना दिसले, आणि हे काम 1933 व 1934 साली इंग्लंडच्या प्रमुख शरीरविज्ञान नियतकालिकात छापले गेले. हेच दीक्षित 1956 साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे पहिले संचालक झाले.

डेल यांचा मोठेपणा प्रयोगशाळेच्या भिंतींत मावणारा नव्हता. 1933 साली हिटलरच्या राज्यात ज्यू म्हणून नोकरीवरून काढलेल्या विल्हेल्म फेल्डबर्ग यांस त्यांनी आपल्या संस्थेत जागा दिली. फेल्डबर्ग यांनी जळवेच्या स्नायूने अॅसिटिलकोलीनचा अत्यल्प अंश ओळखण्याची युक्ती सोबत आणली होती, आणि पुढची कित्येक कामे तीवरच उभी राहिली. ज्यास आसरा दिला, त्यानेच घर भरले. लोवी यांना 1938 साली नाझींनी तुरुंगात टाकले, व पारितोषिकाचे पैसे त्यांच्याच स्वाक्षरीने हिरावून घेऊन देशाबाहेर घालविले. डेल 1940 ते 1945 रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. 1948 साली रशियात शास्त्रज्ञांचा छळ होऊन राजसत्तेच्या मर्जीचे जीवशास्त्र सर्वांवर लादले गेले, तेव्हा निकोलाय वाविलोव्ह या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाची झालेली दुर्दशा स्मरून त्यांनी सोव्हिएट अकादमीचे सन्माननीय सभासदत्व परत केले.

त्यांस विरोधकही होते. जॉन एक्लीस या तरुण शास्त्रज्ञाचे म्हणणे असे, की मज्जातंतूंचा निरोप विजेच्या ठिणगीने जातो, रसायनाने नव्हे. सभांतून दोघांची खडाजंगी होई. परंतु सभा संपली, की दोघांच्या स्नेहात उणेपणा नसे. 1951 साली एक्लीस यांच्याच प्रयोगाने त्यांचे स्वतःचे मत खोटे ठरले व त्यांनी ते मोकळेपणाने कबूल केले. वाद करावा तर असा, की हरणाऱ्यास लाज वाटू नये व जिंकणाऱ्यास गर्व होऊ नये.

त्यांनी घातलेल्या पायावर पुढील इमारत चढली. 1948 साली अमेरिकेतील रेमंड अल्क्विस्ट यांनी अॅड्रेनॅलिनच्या रिसेप्टरांचे अल्फा व बीटा असे दोन प्रकार मांडले. श्वासनलिका सैल करणारा प्रकार बीटा. त्यातही फुप्फुसांचा पोटभेद निराळा निघाला आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस सालब्युटामॉल बाहेर आले. धोत्र्याच्या अॅट्रोपीनला रासायनिक वळण देऊन, छातीत काम करील पण मेंदूत फारसे शिरणार नाही, असे इप्राट्रोपियम सिद्ध झाले. हृदयविकारासाठी बीटा प्रकार झाकणारी औषधे निघाली, तेव्हा तीच दमेकऱ्यास दिली तर त्याची छाती आवळून जीव धोक्यात येतो, हेही कळले. म्हणून शेजाऱ्याचे औषध आपण घेऊ नये, डॉक्टरांस आपला दमा आधी सांगावा, आणि धोत्र्याचा धूर तर कोणीही घेऊ नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

सर हेन्री डेल 23 जुलै 1968 रोजी केंब्रिज येथे, वयाच्या 93 व्या वर्षी, निवर्तले. ज्या गावी एका मुख्याध्यापकाच्या आस्थेने त्यांचा अभ्यास सुरू झाला होता, त्याच गावी त्यांचा शेवट झाला.

विद्यार्थिमित्रहो, नमुना वाईट म्हणून परत पाठविणे डेल यांस दुसऱ्या वेळीही सोपे होते. आपली चूक असू शकेल, असे त्यांच्या मनात आले, म्हणून त्यांनी पुन्हा पाहिले. गणिताचे उत्तर जुळले नाही, की पुस्तकास दोष देऊन पान उलटण्याची सवय आपणां सर्वांस आहे. पुढच्या पावसाळ्यात वर्गातील एखाद्या सोबत्यास धाप लागलेली पाहाल, तेव्हा त्यास हसू नका. त्याचा पंप आणून द्या, आणि त्या दुसऱ्या नमुन्याची आठवण ठेवा.